नक्कल फाडली, मूळ दस्त शाबूत: जनुक गप्प करणारी औषधे

कोलेस्टेरॉलवरचे एक इंजेक्शन अलीकडे पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर अधूनमधून दिसू लागले आहे. इन्क्लिसिरान हे त्याचे नाव. पहिल्या डोसनंतर तीन महिन्यांनी दुसरा आणि त्यापुढे दर सहा महिन्यांनी एक, एवढ्यावर रक्तातले एलडीएल, म्हणजे बोलीभाषेतले ‘वाईट कोलेस्टेरॉल’, साधारण निम्म्याने उतरते. वर्षानुवर्षे रोज रात्री गोळी घेणाऱ्याला हे ऐकून आधी हायसे वाटते आणि मग प्रश्न पडतो, की सहा महिने टिकणारे औषध अंगात नेमके करते तरी काय? त्यात कोणी ‘हे जनुकावर काम करते’ असे सांगितले, की शंकेची भीती व्हायला वेळ लागत नाही. सकाळी तळजाईवर फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत आणि घरोघरच्या व्हॉट्सअॅप गटांत ‘या इंजेक्शनाने माणसाची जनुके बदलतात म्हणे’ हे वाक्य आता सहज ऐकू येते.

ते वाक्य चुकीचे आहे. मात्र ते चुकीचे का आहे, हे कळायला पेशीतल्या एका यंत्रणेची ओळख करून घ्यावी लागते. तिला आरएनए इंटरफिअरन्स म्हणतात. ती कोणा कंपनीने शोधून काढलेली नाही. वनस्पती, कृमी, कीटक आणि माणूस या सर्वांच्या पेशींत ती मुळातच असते.

मूळ दस्त आणि त्याची नक्कल

शरीरातली बहुतेक कामे प्रथिने करतात. कोणते प्रथिन कसे बनवायचे याचा मजकूर डीएनएच्या ज्या तुकड्यात असतो, त्याला जनुक म्हणतात. माणसाच्या पेशीत अशी प्रथिनांची सुमारे २०,००० जनुके आहेत आणि ती जवळजवळ सगळी पेशीच्या केंद्रकात बंदिस्त असतात. प्रथिने मात्र केंद्रकाबाहेर बनतात.

जमिनीच्या कामासाठी ज्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना ही व्यवस्था चटकन उमगेल. मूळ दस्त अभिलेख कक्षातून बाहेर जात नाही. अर्ज केला की त्याची नक्कल मिळते आणि पुढची सगळी कामे त्या नकलेवर होतात. पेशीतही जनुकाची नक्कल काढली जाते, ती केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात; आरएनए हा डीएनएचाच भाऊबंद असलेला, अक्षरांच्या माळेसारखा रेणू. पुढे तिला आपण नक्कलच म्हणू. ती फार टिकत नाही. काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंत तिचे आयुष्य असते आणि गरज राहिली तर पेशी नवी काढते.

आरएनए इंटरफिअरन्स एवढेच करते, की ठरावीक मजकुराची नक्कल दिसली की ती फाडून टाकते. नक्कल नाही म्हणून प्रथिन नाही. मूळ दस्ताला मात्र कोणी हात लावलेला नसतो. ‘जनुक गप्प करणे’ हा शब्दप्रयोग त्यामुळे थोडा फसवा आहे. जनुक बोलतच असते, त्याचे बोलणे पुढे पोहोचत नाही.

रंग गडद करायला गेले आणि फूल पांढरे झाले

या यंत्रणेचा माग पहिल्यांदा लागला तो बागेतल्या एका फुलामुळे. १९९० मध्ये अमेरिकेत कॅरोलिन नापोली, रिच जॉर्गनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटुनियाचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून रंग तयार करणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत त्या रोपात घातली. हिशेब सरळ होता: जनुक दुप्पट, रंग दुप्पट. प्रत्यक्षात काही रोपांना शुभ्र पांढरी फुले आली, तर काहींच्या पाकळ्यांवर जांभळ्या-पांढऱ्या रंगांचे पट्टे उमटले. बाहेरून घातलेले जनुक तर गप्प झालेच, पण रोपाचे स्वतःचे जनुकही त्याच्याबरोबर गप्प झाले. पुढे बुरशीतही असाच प्रकार आढळला आणि बराच काळ त्याचे कारण कोणाला सांगता येईना.

कारण सापडले ते जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये स्नायूंच्या एका प्रथिनाच्या जनुकाशी जुळणारा आरएनए या कृमींना टोचला. हे प्रथिन कमी पडले तर कृमी थडथड उडतो, त्यामुळे प्रयोग साधला की फसला हे सूक्ष्मदर्शकातून लगेच दिसत होते. आरएनएचा एकेरी धागा टोचला तेव्हा फारसे काही घडले नाही. एकमेकांना पूरक असलेले दोन धागे जोडून दुहेरी आरएनए टोचला तेव्हा मात्र कृमी थडथडू लागले, आणि तेही प्रत्येक पेशीच्या वाट्याला त्याचे अगदी मोजके रेणू येत असताना. इतक्या थोड्या मालात इतका परिणाम होतो त्याअर्थी पेशीत काहीतरी तो संकेत उचलून पुन्हा पुन्हा वापरत असले पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आले. या शोधाला २००६ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. नोबेल समितीचा एरवीचा संथ कारभार पाहता आठ वर्षे म्हणजे घाईच झाली.

पेटुनियाबद्दल आणखी थोडे सांगण्याचा मोह आवरत नाही. थंडीत पुण्यातल्या रोपवाटिकांत ज्या कुंड्या येतात, त्यांत मध्यापासून कडेपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांची चांदणी असलेला एक दुरंगी पेटुनिया असतो. त्याची पाकळी जवळून पाहिली तर जांभळा आणि पांढरा यांच्यामधली सीमा बरीच रेखीव दिसते. अशा चांदणी पेटुनियाच्या जातींचा अभ्यास झाला तेव्हा आढळले, की पांढऱ्या भागातल्या पेशींतही रंगाचे जनुक शाबूत असते, फक्त तिथे त्याच्या नकला फाडल्या जातात. म्हणजे प्रयोगशाळेत अपघाताने दिसले, ते जुन्या पैदासकारांनी नकळत निवडून ठेवले होते. या रोपाला विशिष्ट विषाणूची लागण झाली तर पांढऱ्या भागात रंग परत येतो, आणि ही यंत्रणा मुळात कशासाठी आहे याचा धागा इथेच सापडतो.

पेशी हे करते कशी?

बऱ्याच विषाणूंचा वंश आरएनएवर चालतो आणि त्यांची वाढ होताना पेशीत लांबलचक दुहेरी आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत तसा तो सहसा आढळत नाही. त्यामुळे वनस्पती, कृमी आणि कीटकांच्या पेशींनी त्याला घुसखोरीची खूण मानले. डायसर नावाचे विकर (एन्झाइम) या दुहेरी आरएनएचे साधारण २१ ते २३ अक्षरांचे तुकडे करते. प्रत्येक तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो. तिथे त्याचा एक धागा टाकून दिला जातो आणि दुसरा नमुना म्हणून ठेवला जातो. आरएनएची अक्षरे चारच असतात आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात: ए समोर यू, जी समोर सी. त्यामुळे आर्गोनॉट पेशीतल्या नकला तपासत फिरते आणि जिच्यावरचा मजकूर नमुन्याशी अक्षर न् अक्षर जुळतो, ती मधोमध कापते. कापलेले तुकडे पेशी नष्ट करते आणि आर्गोनॉट त्याच नमुन्यासह पुढच्या नकलेकडे वळते. नमुना खर्ची पडत नाही. औषध सहा महिने पुरते त्याचे एक कारण हे.

विषाणूही गप्प बसलेले नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांनी ही यंत्रणा बंद पाडणारी प्रथिने कमावली आहेत. पेटुनियाच्या पांढऱ्या पट्ट्यात रंग परततो तो त्यांच्यामुळेच.

याच यंत्रणेचा दुसरा उपयोग पेशी स्वतःच्या घरच्या कारभारासाठी करते. आपल्याच डीएनएमध्ये मायक्रोआरएनए नावाच्या छोट्या तुकड्यांची जनुके आहेत आणि ते तुकडे आर्गोनॉटमध्ये बसून इतर जनुकांच्या नकलांवर अंकुश ठेवतात. जुळणी अर्धवट असल्याने ते सहसा नक्कल कापत नाहीत; तिच्यावरून प्रथिन बनणे रोखतात आणि तिचे आयुष्य कमी करतात. व्हिक्टर अॅम्ब्रॉस आणि गॅरी रव्हकुन यांनी १९९३ मध्ये त्याच कृमीत हे पहिल्यांदा दाखवले आणि २०२४ चे नोबेल त्यांना मिळाले.

मग औषधाला वीस वर्षे का लागली?

कल्पना मोहात पाडणारी होती. रोगाला कारण असलेल्या प्रथिनाचे नाव कळले, की त्याच्या जनुकाचा मजकूर वाचायचा, जुळणारा छोटा दुहेरी आरएनए प्रयोगशाळेत तयार करायचा आणि शरीरात सोडायचा. पहिली अडचण अशी, की माणसाच्या पेशीत लांब दुहेरी आरएनए शिरला तर ती विषाणू आला असे समजून इंटरफेरॉन या धोक्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनांचा मोठा गजर करते आणि सरसकट प्रथिननिर्मिती थांबवते. २००१ मध्ये जर्मनीत थॉमस टुशल यांच्या गटाने दाखवून दिले, की आधीच कापलेला २१ अक्षरांचा तुकडा दिला तर तो गजर टळतो आणि नेमके एकच जनुक गप्प होते. यानंतर उत्साहाला उधाण आले. मर्क कंपनीने २००६ मध्ये या क्षेत्रातली सिर्ना ही छोटी कंपनी ११० कोटी डॉलरना विकत घेतली.

पुढची काही वर्षे निराशेची गेली. डोळ्यांच्या एका आजारावरच्या सुरुवातीच्या औषधांचा जो परिणाम दिसत होता, तो जनुक गप्प झाल्याने नसून रोगप्रतिकारक यंत्रणा चाळवल्याने येत असावा, असे २००८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून पुढे आले. रोश कंपनीने २०१० मध्ये या क्षेत्रातून अंग काढून घेतले. मर्कनेही पुढे सिर्ना विकून टाकली.

खरी अडचण होती ती पोहोचण्याची. रक्तात मोकळा सोडलेला आरएनए तिथली विकरे काही मिनिटांत चिरून टाकतात. जो उरतो तो मूत्रपिंडांतून बाहेर पडतो. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि साध्या गोळीतल्या रेणूच्या तुलनेत तो अवाढव्य असतो, त्यामुळे पेशीचे आवरण त्याला आत घेत नाही. घेतलेच, तर एका पुटिकेत, म्हणजे इवल्याशा पिशवीत, कोंडून ठेवते आणि तिच्यातून निसटून कामाच्या ठिकाणी फारच थोडा अंश पोहोचतो.

यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे आरएनए स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळणे. अशा कणांतून दिले जाणारे पॅटिसिरान हे या प्रकारातले पहिले मान्यताप्राप्त औषध ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत आले. ट्रान्सथायरेटिन नावाचे प्रथिन बिघडून मज्जातंतूंत साठत जाण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यावर ते दिले जाते आणि त्याने रक्तातले हे प्रथिन सुमारे ८० टक्क्यांनी घटते. पण ते दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते.

दुसरा उपाय मला अधिक चतुर वाटतो. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर एक ग्राहक प्रथिन दाटीवाटीने असते आणि ते गॅलनॅक नावाची साखर दिसली की तिला धरून आत ओढते. वय झालेली काही प्रथिने रक्तातून उचलणे हे त्याचे नेहमीचे काम. शास्त्रज्ञांनी आरएनएच्या एका टोकाला या साखरेचे तीन रेणू जोडले आणि आरएनएच्या अक्षरांत असे रासायनिक बदल केले, की विकरांना तो सहजी चिरता येऊ नये. आता कातडीखाली छोटेसे इंजेक्शन पुरते. यकृत ते औषध स्वतःहून आत घेते, पुटिकांत साठवून ठेवते आणि त्यांतून ते महिनोन्‌महिने थोडे थोडे झिरपत राहते. इन्क्लिसिरान याच जातीचे आहे.

सगळी औषधे यकृताचीच का?

कारण आजवर खात्रीने पोहोचता आले ते यकृतातच. आतापर्यंत मान्यता मिळालेल्या या प्रकारच्या औषधांची यादी पाहिली तर ते लगेच लक्षात येते. गिवोसिरान हे २०१९ मध्ये आलेले औषध यकृतातल्या पॉर्फिरिया या आजारात पोटदुखीचे जीवघेणे झटके कमी करते. २०२० मधले लुमासिरान लहान मुलांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. प्रायमरी हायपरऑक्झॅल्युरिया या दुर्मीळ आजारात यकृत बेसुमार ऑक्झलेट बनवते. ते लघवीवाटे जाताना मूत्रपिंडात खड्यांवर खडे साचतात आणि कोवळ्या वयात डायलिसिसची वेळ येते. यापूर्वी मुळावर घाव घालणारा इलाज म्हणजे यकृताचे प्रत्यारोपण, बहुधा मूत्रपिंडासह. लुमासिरान ऑक्झलेटच्या निर्मितीतले एक आधीचे विकर कमी करते. चाचणीत रुग्णांच्या लघवीतले ऑक्झलेट त्याने सुमारे ६५ टक्क्यांनी घटले. हिमोफिलियासाठीचे फिटुसिरान अमेरिकेत २०२५ मध्ये मान्य झाले. त्याची चाल उलटी आहे: रक्त गोठवणारा घटक बाहेरून देण्याऐवजी रक्त गोठू न देणारे प्रथिन ते कमी करते.

या सर्व आजारांत दोषी प्रथिन यकृतात बनते. म्हणूनच ‘आरएनएच्या साहाय्याने कर्करोगावर विजय’ अशी बातमी वाचनात आली, की एक प्रश्न विचारावा: औषध त्या गाठीतल्या पेशींपर्यंत पोहोचणार कसे? काचपात्रातल्या पेशींत जनुक गप्प करणे आता पदव्युत्तर विद्यार्थीही करतो. मेंदू, फुफ्फुस आणि स्नायू यांच्यापर्यंत नेण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण यकृताइतकी सोय अजून कुठेच झालेली नाही. या प्रश्नाचे उत्तर नसलेली बातमी मी तरी फार मनावर घेत नाही.

जनुके बदलतात, ही भीती

औषधाचे काम केंद्रकाबाहेर, नकलेवर चालते. डीएनएचे एक अक्षरही बदलत नाही, त्यामुळे मुलाबाळांत उतरण्यासारखे काही घडत नाही. परिणाम हळूहळू ओसरतो आणि डोस थांबवला की काही महिन्यांत प्रथिन पूर्वपातळीकडे परतू लागते. कायमचा बदल घडवणारे तंत्र वेगळे आहे. क्रिस्पर हे त्याचे नाव. ते मूळ दस्तावरच खाडाखोड करते आणि सिकलसेलसारख्या आजारावर त्याला २०२३ पासून मान्यता मिळू लागली.

दुसरा गोंधळ लशींशी होतो. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, तेव्हा पुणेकरांच्या कानावर आरएनए हा शब्द पुष्कळदा पडला. त्या लशीत पेशीला बाहेरून एक जादा नक्कल दिली जाते, जिच्यावरून ती विषाणूचे एक प्रथिन बनवते आणि शरीर त्याला ओळखायला शिकते. इथे उलट आहे; असलेली नक्कल फाडली जाते.

भलतीच नक्कल फाडली गेली तर?

ही शंका रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनाही ती पहिल्यापासून आहे. २१ अक्षरे पूर्ण जुळणारे दुसरे जनुक सहसा सापडत नाही. मात्र नमुन्याच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतचा भाग जुळला, तरी आर्गोनॉट मायक्रोआरएनएसारखे वागून एखाद्या असंबद्ध नकलेवर अंकुश ठेवू शकते. म्हणून मजकूर निवडताना संगणकावर सर्व जनुकांशी पडताळणी केली जाते आणि त्या भागातली अक्षरे रासायनिक रीतीने थोडी ढिली केली जातात. तरीही सारे सुरळीत झाले असे नाही. रेव्हुसिरान या औषधाची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक आढळले. त्याचा डोस आजच्या औषधांच्या तुलनेत बराच मोठा होता. इन्क्लिसिरानच्या चाचण्यांत ठळकपणे दिसलेला त्रास म्हणजे टोचल्या जागी लाली आणि दुखणे.

आणखी एक प्रश्न याच्याही आधी विचारायला हवा: जे प्रथिन कमी करतो आहोत, ते शरीराला लागत नाही का? कधी लागते. ट्रान्सथायरेटिन रक्तातून अ जीवनसत्त्व वाहून नेते, म्हणून पॅटिसिरान घेणाऱ्यांना हे जीवनसत्त्व वेगळे घ्यायला सांगतात. इन्क्लिसिरान ज्याला कमी करते त्या पीसीएसके९ या प्रथिनाबाबत निसर्गानेच आधी प्रयोग करून ठेवला होता. हे प्रथिन यकृताच्या पृष्ठभागावरील एलडीएल उचलणारी ग्राहक प्रथिने नष्ट करवते. काही माणसांत जन्मतः हे जनुक निकामी असते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या २००६ मधील एका अभ्यासात अशा व्यक्तींचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी आढळले आणि हृदयरोगाचे प्रमाण तब्बल ८८ टक्क्यांनी कमी.

मग रोजची गोळी बंद करायची का?

नाही, आणि परस्पर तर मुळीच नाही. स्टॅटिन गोळ्यांनी हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी होतात हे अनेक मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेले आहे, आणि त्या स्वस्त आहेत. इन्क्लिसिरानने एलडीएल उतरते हे पक्के. झटके किती टळतात हे मोजण्यासाठी हजारो रुग्णांच्या दीर्घ चाचण्या आखल्या आहेत. सध्या ते प्रामुख्याने अशांसाठी आहे, ज्यांचे एलडीएल गोळ्यांची मात्रा पुरेपूर देऊनही खाली येत नाही किंवा ज्यांना गोळ्या सोसत नाहीत. किंमतही गोळ्यांच्या कित्येक पट आहे.

परत फिरता येते का?

सहा महिने टिकणे ही या औषधांची सर्वांत मोठी सोय आहे आणि अडचणही तीच आहे. गोळी सोसली नाही तर उद्यापासून बंद करता येते. टोचलेले औषध यकृतातून काढून घेता येत नाही. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत हे फारसे बिघडत नाही, कारण ते काही महिने जास्तच खाली राहिले तरी तातडीचा धोका नसतो. रक्तदाबाचे तसे नाही. झिलेबेसिरान नावाचे इंजेक्शन सध्या चाचण्यांत आहे; ते यकृतातले अँजिओटेन्सिनोजेन हे प्रथिन घटवते आणि एका डोसने रक्तदाब कित्येक महिने उतरलेला राहतो. आता असा डोस घेतलेल्या माणसाला मेच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या आणि अंगातले पाणी कमी झाले, तर एरवी डॉक्टर रक्तदाबाची गोळी दोन दिवस थांबवायला सांगतात. इथे थांबवण्यासारखे हातात काही नसते. सलाईन आणि रक्तदाब वाढवणारी दुसरी औषधे हे उपाय आहेतच, शिवाय टोचलेल्या आरएनएच्या नमुन्यालाच चिकटून त्याचे काम बंद पाडणारे छोटे प्रतिरेणू बनवून प्राण्यांवर तपासलेही गेले आहेत. गरोदरपणाचा विचार करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही हाच मुद्दा येतो, कारण औषध कधी थांबवायचे हे त्यांना काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागते.